घरचं हत्यार की लुटीतली प्लस टू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागच्या टेबलावर दर रविवारी आणि महिन्यातून एकदा साताऱ्यात मी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवते. हा फासे टाकत, मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ आहे, आणि ती गोष्ट चालवणाऱ्याला डीएम म्हणतात. दोन्हीकडे नवा खेळाडू आपल्या कॅरेक्टरचं, म्हणजे पात्राचं, शीट भरायला बसला की सामानाच्या रकान्यात एक ओळ हमखास येते: ‘आजोबांची तलवार’. चार-पाच महिन्यांनी त्याच खेळाडूचा फोन येतो. लुटीत, म्हणजे साहसात सापडलेल्या सामानात, जादूची चांगली तलवार निघालेली असते (प्लस वन, टू, थ्री, म्हणजे वार लागण्यात आणि डॅमेजमध्ये तेवढा आकडा अधिक), ती घेववत नाही आणि सोडवतही नाही. ही पानं त्या फोनांतून जमलेली आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या पुस्तकांतले धरावेत.

१. वारसा हत्यार म्हणजे नेमकं काय? बॅकस्टोरीत (पात्राच्या पूर्वकथेत) लिहिलेली प्रत्येक जुनी तलवार त्यात येते का?

येत नाही. मी खेळाडूला तीन गोष्टी विचारते. ते कुणाचं होतं? तुझ्याकडे कसं आलं? आणि ते हरवलं तर तुझं कॅरेक्टर कुणाला तोंड दाखवू शकणार नाही? तिसऱ्याला उत्तर मिळालं तर ते वारसा हत्यार. नाहीतर ती नुसती जुनी तलवार आहे, आणि ती बदलताना कुणाला काही वाटणार नाही.

साताऱ्याच्या टेबलावर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटकन येतं. शेजारी अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, घराघरांत कुणीतरी फौजेत होतं. वडिलांचा गणवेश ट्रंकेत कसा घडी करून ठेवतात हे त्या मुलांनी पाहिलेलं असतं. ते खेळात उतरतंच.

नियमांच्या दृष्टीने मात्र ही तलवार साधी आहे. लाँगसोर्ड, पंधरा सुवर्णनाणी किंमत, एका हातात डी८ (आठ बाजूंचा फासा), दोन हातांत डी१०. पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात.

२. माझा फायटर (लढवय्या) लेव्हल ५ चा आहे. आजोबांच्या तलवारीवरच राहिलो तर खरंच किती नुकसान होतं?

हिशोब करूनच सांगते, कारण या प्रश्नावर लोक अंदाजाने भांडतात.

स्ट्रेंग्थ १८, म्हणजे अधिक ४. प्रोफिशियन्सी (सरावाचा आकडा) ३. अटॅक रोलला, म्हणजे वार लागतो का ते ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशाला, अधिक ७. समोरच्याचा आर्मर क्लास (बचावाचा आकडा) १५ धरू. डाइसवर ८ किंवा वर पडलं की लागतं, म्हणजे शंभरात ६५ वेळा. लेव्हल ५ ला दोन वार मिळतात. क्रिटिकल (वीस पडल्यावर डॅमेजचे दुप्पट फासे) धरून एका फेरीत साध्या तलवारीचं सरासरी डॅमेज साडेअकरा येतं.

तोच हात, तीच ताकद, आणि तलवार प्लस वन असेल तर पावणेचौदा. प्लस टू असेल तर सव्वासोळाच्या जरासं खाली. प्लस थ्री असेल तर जवळजवळ एकोणीस. टक्क्यांत बोलायचं तर वीस, एक्केचाळीस आणि चौसष्ट टक्के जास्त.

प्लस वनकडे पाठ फिरवता येते. चार फेऱ्यांच्या लढाईत नऊ हिट पॉइंटचा (शत्रूच्या जीवाच्या आकड्याचा) फरक, तो चांगली जागा धरून आणि मित्रांशी नीट जुळवून घेऊन भरून निघतो. प्लस टूला तो फरक टेबलावर दिसायला लागतो. प्लस थ्री सोडून साध्या तलवारीने लढणारा फायटर शेजारच्या फायटरच्या तुलनेत पाचात तीनच वार केल्यासारखा दिसतो, आणि हे त्याला दर रविवारी दिसतं. माया खरी असते, पण चार महिने रोज हरायला लागलं की त्या तलवारीचाच राग यायला लागतो. तसं होऊ देऊ नका.

३. पण आकड्यांपेक्षा वाईट म्हणजे काही राक्षसांना साधी तलवार लागतच नाही. तेव्हा काय करायचं?

हाच खरा खड्डा. वेअरवुल्फला (लांडगा होणाऱ्या माणसाला) साध्या हत्याराने काहीच होत नाही, हत्यार जादूचं हवं किंवा चांदीचा मुलामा दिलेलं हवं. इतर बऱ्याच जणांवर डॅमेज निम्मं होतं. वरचे साडेअकरा मग पावणेसहा होतात.

तात्पुरते उपाय तीन. एका हत्याराला चांदी चढवायला शंभर सुवर्णनाणी लागतात. पार्टीतल्या (खेळाडूंच्या टोळीतल्या) जादूगाराकडे मॅजिक वेपन हा मंत्र असेल तर तासभर तलवार प्लस वन होते, पण त्या तासात त्याची एकाग्रता अडकून पडते (तसा दुसरा मंत्र धरता येत नाही), म्हणजे तुमच्या आजोबांचं भाडं दुसरा भरतो. आणि आर्टिफिसर (वस्तूंत जादू भरणारा कारागीर) असेल तर तो आपल्या इन्फ्युजनने हे काम सहज करतो.

कायमचा उपाय मी डीएमला सांगते: लेव्हल ५ च्या आसपास एखाद्या प्रसंगात त्या तलवारीला ‘जादूची’ एवढंच ठरवून टाका. प्लस काही नाही, फक्त ती लागते. याने कुणाचं काही बिघडत नाही आणि खेळाडूला वेअरवुल्फसमोर हात बांधून उभं राहावं लागत नाही. २०२४ पासूनच्या नव्या पुस्तकांवर खेळत असाल तर राक्षसांचं हे संरक्षण बहुतेक ठिकाणी काढून टाकलेलं आहे, तुम्हाला हा प्रश्न फारसा छळणार नाही.

४. ताई, मग आजोबांच्या तलवारीलाच प्लस टू करून टाकलं तर? ती फसवणूक वाटत नाही का?

अजिबात नाही, पण ते घडताना दिसलं पाहिजे. ‘आजपासून प्लस टू धरा’ असं डीएमने सेशनच्या सुरुवातीला सांगितलं तर कुणालाच काही वाटत नाही, आणि तोच घोटाळा आहे. एवढी जपलेली वस्तू बदलली आणि टेबलावर कुणी मान वर करून पाहिलंही नाही.

माझा आवडता मार्ग पातं बदलण्याचा. हा मला कुठल्या नियमपुस्तकात सापडला नाही, आपल्याच तलवारींत सापडला. मराठ्यांच्या काळात युरोपातून आलेली पाती इथल्या मुठींवर बसवत. तशा तलवारीला फिरंग म्हणतात. संग्रहालयात फिरंग पाहिली तर मूठ आपली असते, हात झाकणारी, आणि पातं समुद्रापलीकडून आलेलं. मूठ आणि पातं हे दोन सुटे भाग असतात. पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत घालून राळेने घट्ट करत. मूठ तापवली की राळ सैल होते, पातं निघतं, दुसरं बसतं.

हे कळल्यावर माझ्या टेबलावरचा अर्धा तंटा मिटला. एका खेळाडूकडे कॅरेक्टरच्या आईची धोप (सरळ पात्याची तलवार) होती. पार्टीला बुडालेल्या गलबतात एका मेलेल्या कप्तानाची प्लस टू तलवार मिळाली. ती तिने कमरेला लावली नाही. ती घेऊन पार्टी तीन दिवसांची वाट चालून लोहाराकडे गेली. लोहाराने आईची मूठ शेगडीवर धरली, राळेचा वास सुटला, जुनं पातं बाहेर आलं. मुठीच्या आत आईच्या हाताने कोरलेली एक खूण निघाली. ती मी तिथल्या तिथे सुचून सांगितली, आणि त्या खुणेवर पुढचे सहा सेशन चालले. कप्तानाचं पातं आईच्या मुठीत बसलं. मग खेळाडूने विचारलं, जुन्या पात्याचं काय? लोहाराने त्याची कट्यार केली आणि ती तिने धाकट्या भावाला पाठवली.

तिच्या हाताला रोज लागणारी वस्तू मूठ होती. शत्रूला लागणारी वस्तू पातं. आकडा पात्याबरोबर आला, आई मुठीत राहिली.

दुसरा मार्ग जवारीचा. मिरजेच्या सतारमेकरांकडे कुणाचा तरी जुना तंबोरा येतो, आवाज बसलेला असतो. तारांनी घोडी झिजलेली असते. कारागीर घोडी घासून जवारी नव्याने काढतो, तारा चढवतो, आणि तोच तंबोरा पुन्हा बोलायला लागतो. भोपळा तोच, दांडी तीच. खेळात याचा अर्थ असा की तलवारीचा एकही भाग बदलायचा नाही. लुटीतल्या जादूच्या हत्याराचा जीव काढून जुन्या तलवारीत घालायचा. हे करणारा कारागीर शोधणं हेच एक साहस होतं. कल्पना नवी नाही. चौथ्या आवृत्तीत एका वस्तूतली जादू दुसरीत नेण्याचा विधी अधिकृत नियमांतच होता.

तिसरा मार्ग, तलवार आपणहून जागी होण्याचा, प्रश्न ५ मध्ये आहे.

५. तलवार ‘जागी’ होत गेली पाहिजे असं ठरवलं. कितव्या लेव्हलला किती द्यायचं?

डीएमच्या पुस्तकाने वस्तूंच्या दुर्मिळतेला लेव्हल लावून दिल्या आहेत, त्या सोप्या पडतात. प्लस वन हत्यार ‘अनकॉमन’, पहिल्या लेव्हलपासून चालतं. प्लस टू ‘रेअर’, पाचव्यापासून. प्लस थ्री ‘व्हेरी रेअर’, अकराव्यापासून. या खालच्या मर्यादा आहेत, त्या दिवशी द्यायलाच हवं असं नाही. मी साधारण ५, ९ आणि १४ च्या आसपास देते.

टप्प्यांची पद्धत हवी असेल तर दोन अधिकृत नमुने आहेत. वाइल्डमाउंटच्या पुस्तकात (२०२०) काही वस्तू तीन अवस्थांतून जातात: निद्रिस्त, जागृत, आणि त्याच्याही वरची. फिझबनच्या ड्रॅगनांवरच्या पुस्तकात (२०२१) ड्रॅगनच्या खजिन्यातल्या वस्तूंना चार अवस्था आहेत, आणि जितका मोठा ड्रॅगन तितकी वस्तू वर चढते.

माझा आग्रह एवढाच की टप्पा लेव्हलने उघडू नये, कृत्याने उघडावा. आजोबांनी अर्धवट सोडलेलं काम पुरं केलं, त्यांनी कुणाला दिलेला शब्द पाळला, त्यांचा अन्याय भरून काढला. शेवटचा प्रकार विसरू नका. सगळे आजोबा चांगलेच होते असं नसतं, आणि ज्या तलवारीने वाईट केलं तिच्याकडून चांगलं करून घेणं ही फार मोठी कथा होते.

६. त्याची तलवार आपोआप वाढते आणि मला गुहेत मरमर करून लूट शोधावी लागते. हा अन्याय नाही का?

आहे, जर डीएमने हिशोब ठेवला नाही तर.

माझा नियम साधा: तलवार जागी झाली की ती त्या खेळाडूच्या लुटीच्या वाट्यात धरायची. पार्टीला त्या टप्प्यात चार चांगल्या वस्तू मिळणार असतील तर एक आजोबांच्या तलवारीची वाढ, उरलेल्या तीन बाकीच्यांच्या. हे मी टेबलावर उघड सांगते. लपवलं की संशय वाढतो. वाटणीच्या वेळी कागद सगळ्यांसमोर असावा हे आपल्याकडे शेतीच्या वाटणीतून सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरी बाजूही बघा. फायटरला आजोबांची तलवार आहे, मग विझार्डला काय? त्याला गुरूची फाटकी जादूची वही का नसावी? रोगला, म्हणजे चोराला, बहिणीची किल्ली? क्लेरिकला (पुजाऱ्याला) देवळातला तडकलेला टाक? वारसा एकट्याचाच असला की बाकीचे त्याच्या कथेत पाहुणे होतात. सेशन झिरोला (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) सगळ्यांना एकेक वस्तू विचारून घेतली तर हा प्रश्न पुढे येतच नाही. माझ्याकडे दोन वर्षांत आला नाही.

७. आकडे तलवारीला न देता माणसालाच दिले तर?

हा सगळ्यात स्वच्छ उपाय, आणि याचे दुष्परिणामही आहेत.

कल्पना अशी: ठरावीक लेव्हलला कॅरेक्टरलाच अधिक १, पुढे अधिक २ मिळतं, हातात काहीही असलं तरी. जादूच्या हत्याराचा प्लस आणि हा प्लस एकत्र होत नाहीत, मोठा असेल तो धरायचा. चौथ्या आवृत्तीत हे ‘इन्हेरंट बोनस’ या नावाने होतं, पाथफाइंडर या तसल्याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतही असा पर्यायी नियम आहे. मग आजोबांची तलवार, शत्रूची तलवार, खाणावळीतली सळई, सगळ्यांना तोच आकडा. कुणाला काही सोडावं लागत नाही.

नुकसान लुटीचं होतं. गुहेच्या तळाशी चमकणारी तलवार सापडली आणि कुणालाच तिचं काही वाटलं नाही, तर ती गुहा उतरलोच कशाला? म्हणून हा नियम घेतलात तर लुटीतल्या वस्तूंना आकडे देऊ नका, गुण द्या. अंधारात उजेड देणारी, खोटं बोललेलं ऐकून थरथरणारी, पाण्यात न बुडणारी. मग खेळाडू दोन तलवारी बाळगतो आणि प्रसंग पाहून निवडतो, त्यातही मजा येते.

८. आम्ही पाथफाइंडर २ खेळतो. आम्हालाही हे सगळं करावं लागतं का?

जवळजवळ काहीच नाही. त्या खेळात हत्याराची ताकद रूनमध्ये (कोरलेल्या जादूच्या खुणांत) असते आणि रून एका हत्यारातून काढून दुसऱ्यात घालता येतात. एक दिवसाचं काम, रूनच्या किमतीच्या दहा टक्के खर्च. पहिली पोटन्सी रून (वार लागण्यासाठीची) ३५ सुवर्णनाण्यांची, पहिली स्ट्रायकिंग रून (डॅमेजची) ६५ ची, म्हणजे दोन्ही हलवायला दहा नाणी. लुटीतल्या तलवारीची रून काढा, आजोबांच्या तलवारीत घाला.

फक्त ते काम एका ओळीत उरकू नका. प्रश्न ४ मधला लोहार इथेही चालतो.

९. वारसा तलवारीला अट्यूनमेंट (कॅरेक्टरने जादूच्या वस्तूशी स्वतःला बांधून घेणं) लावायचं का?

नुसत्या प्लस वन, टू, थ्रीला लागत नाही. त्यापलीकडे तलवारीला काही गुण दिलेत तर लावा, कारण एका कॅरेक्टरला अशा जागा तीनच आहेत आणि त्यांपैकी एक आजोबांना देणं ही खरी निवड ठरते.

१०. माझ्या कॅरेक्टरचा वारसा म्हणजे आजीचा ऊसतोडीचा कोयता आहे. पुस्तकात कोयताच नाही. दांडपट्टाही नाही. काय धरू?

कोयत्याला हँडअ‍ॅक्सचे आकडे द्या, डी६. पुस्तकातला सिकल म्हणजे विळा, डी४, तो ऊस तोडणाऱ्या हातासाठी फार हलका आहे. सांगलीच्या टेबलावर कोयता आलाच पाहिजे असं माझं मत आहे. हंगामात रात्री फडातून येणारा तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला तलवारीपेक्षा कोयत्याची धार लवकर समजते.

पट्ट्याला लाँगसोर्डचा डी८ द्या, पण दोन हातांचा डी१० काढून टाका. बदल्यात, तो कोपरापर्यंतच्या लोखंडी हातमोज्याला जोडलेला असतो म्हणून हातातून पाडता येत नाही असं धरा. तोटाही खरा ठेवा: मनगट वळत नाही, म्हणून त्या हाताने दार उघडणं, दोरी धरणं, औषधाची बाटली काढणं जमत नाही. बिचवा म्हणजे डॅगर. वाघनखंही डॅगरच धरा, फेकता येत नाहीत पण मुठीत लपतात.

असं हत्यार पुढे वाढवायचं असेल तर लुटीत अगदी तसंच जादूचं हत्यार निघण्याची शक्यता शून्य असते. म्हणून कोयतेवाल्यांसाठी प्रश्न ४ मधला जवारीचा मार्ग किंवा प्रश्न ७ मधला नियम लागतोच.

११. मला आजोबांची तलवार आता सोडायची आहे, पण सगळे म्हणतात ‘अरेरे, आजोबांची?’ अपराधी वाटतं.

सोडा. कथेतही माणसं मोठी होतात. पण तिला झोळीच्या तळाशी ‘लाँगसोर्ड, एक’ अशी टाकून देऊ नका, आणि दुकानात साडेसात नाण्यांना तर मुळीच विकू नका.

मी खंडेनवमी करते. आपल्याकडे नवरात्राच्या नवमीला हत्यारं पुजतात. आता तलवारी कुठे असतात, म्हणून कोयता, कुदळ, ट्रॅक्टर, कारखान्यातलं मशीन, सगळ्याला हळदकुंकू लागतं. टेबलावर तो दिवस आणायचा. पार्टी ज्या गावात असेल तिथे सण आहे, प्रत्येकाने आपलं हत्यार पाटावर ठेवायचं आणि त्याच्याबद्दल एक खरी गोष्ट सांगायची. ज्याला तलवार सोडायची आहे तो शेवटी बोलतो. मग ती तो कुणाच्या तरी हाती देतो: गावातल्या पोरीला, देवळाला, धाकट्या भावाला, किंवा घरी आईकडे, जी ती दाराच्या मागे टांगते.

आणि डीएमने ती लक्षात ठेवायची. वर्षभराने गावावर हल्ला होतो तेव्हा ती पोरगी तीच तलवार घेऊन वेशीवर उभी असते. माझ्याकडे हे एकदा झालं तेव्हा ज्याने तलवार दिली होती तो खेळाडू दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला, ‘मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहतो.’ डाइस नंतर टाकले.

१२. उलटा प्रश्न. आमच्या टेबलावर एक जण कुठलीच मदत घेत नाही. साधीच तलवार ठेवणार म्हणतो. पार्टी त्याच्यामुळे मार खाते.

आधी त्याच्याशी एकट्याशी बोला, सगळ्यांसमोर नको. दोन गोष्टी असू शकतात. एक, त्याला ही ओढाताणच खेळायची आहे. कमी हत्याराने लढणं हाच त्याचा आनंद आहे. मग त्याला आकडे देऊ नका, मान द्या. त्या तलवारीला ओळखणारी माणसं भेटू द्या, तिच्यामुळे दारं उघडू द्या, म्हातारा शत्रू ती पाहून थबकू द्या. लढाईत तो जे कमी पडतो ते बाहेर भरून येतं.

दोन, त्या तलवारीमागे खेळातलं नाही तर घरातलं काहीतरी आहे. नुकतंच कुणी गेलेलं असतं. हे मी दोनदा पाहिलं. तिथे नियम सांगू नये. गपचूप लढाया थोड्या हलक्या कराव्यात आणि बाकीच्यांनाही तेवढं सुचवावं.

१३. डीएम म्हणून मी ती तलवार चोरू किंवा मोडू शकतो का? कथेला जोर येईल.

सेशन झिरोला विचारलं असेल आणि खेळाडू हो म्हणाला असेल, तरच. त्यातही चोरीला गेलेली परत मिळण्याची वाट त्याच सेशनमध्ये दिसली पाहिजे, आणि मोडलेलीचे तुकडे हातात उरले पाहिजेत. तुकडे म्हणजे प्रश्न ४ ची सुरुवात. रस्ट मॉन्स्टर आणताना दहादा विचार करा. तो साधं लोखंडी हत्यार खातो, जादूचं नाही, म्हणजे प्रश्न ३ मधला उपाय केला असेल तर तलवार वाचते.

सांगलीकरांना एक वेगळी विनंती. पूर आणून तलवार वाहून नेऊ नका. २००५, २०१९, २०२१, कृष्णा घरात शिरली तेव्हा या शहरातल्या लोकांनी लग्नाचे फोटो, सात-बारे, आजीच्या पैठण्या चिखलातून काढल्या आहेत. टेबलावरच्या कुणाच्या घरात किती फूट पाणी होतं ते तुम्हाला ठाऊक नसतं. पुराचा प्रसंग हवाच असेल तर आधी प्रत्येकाला विचारा, आणि त्यात वस्तू हरवण्याऐवजी सापडू द्या.

१४. तलवार मुळात आजोबांची नव्हतीच, असा धक्का द्यायचा विचार आहे. चालेल?

चालेल, पण त्या धक्क्याने तलवार लहान होता कामा नये.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून वाघनखं तीन वर्षांसाठी आली आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली. त्यांच्या पेटीवरच्या लेखात म्हटलं आहे की ती महाराजांची आहेत आणि जेम्स ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाने त्याला दिली. अफजलखानाच्या भेटीत वापरली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असं त्या संग्रहालयाने स्वतः सांगितलेलं आहे. दोन्ही गोष्टी माहीत असूनही मी रांगेत उभी राहिले. काचेपलीकडे ती दिसली तेव्हा माझ्या पुढच्या आजोबांनी चप्पल काढून हात जोडले. वस्तूभोवती एवढ्या माणसांनी एवढी वर्षं जे ठेवलेलं असतं, तेही खरं असतं.

खेळात हे असं वापरा: तलवार आजोबांची नव्हती, पण त्यांनी ती कुणासाठी तरी सांभाळली होती. किंवा ती शत्रूची होती आणि त्याने मरताना विश्वासाने दिली. आधीच्या माणसामागे आणखी एक माणूस उभा राहिला पाहिजे. ‘बाजारातून आणलेली होती, सगळं खोटं’ एवढ्यावर थांबणारा धक्का देऊ नका. खेळाडूने महिनोन्‌महिने त्या वस्तूवर जीव लावलेला असतो.

१५. आम्ही दोघं सख्खे भाऊ खेळतोय, वडिलांची तलवार एकच. कुणाकडे?

वाटणी करा, पण एकाच वस्तूची. एकाकडे तलवार, दुसऱ्याकडे म्यान, आणि प्रश्न ५ मधले टप्पे दोन्ही एकत्र आल्यावरच उघडतात. दोघं भांडले की तलवार झोपते. त्यांच्या खऱ्या घरात वाटणीवरून वाद चालू नाही ना, एवढं आधी बघून घ्या.

१६. वारसा तलवारीचा मालकच मेला. नवं कॅरेक्टर त्याची पुतणी आहे. तलवारीची सगळी ताकद तिला मिळते का?

माझ्या टेबलावर शेवटचा एक टप्पा मागे जातो. प्लस टू होती तर तिच्या हातात प्लस वन. तिने स्वतःचं एक कृत्य केलं की परत येतो, आणि ते काकाच्या कृत्याची नक्कल नसावं. सगळी ताकद फुकट मिळाली तर मरण स्वस्त होतं. सगळी गेली तर काकाने काही मागे ठेवलंच नाही असं होतं.

पार्टीतल्या दुसऱ्या कुणी ती उचलली तर? ती त्याच्या हातात साधी लाँगसोर्ड आहे. पुतणी भेटेपर्यंत.

१७. हे सगळं टाळता येईल असे खेळ आहेत का?

आहेत. डंजन वर्ल्डमध्ये डॅमेजचा डाइस कॅरेक्टरच्या वर्गावर (फायटर, विझार्ड वगैरे) ठरतो, हत्यारावर नाही. तिथे फायटर आजोबांच्या तलवारीने जेवढं मारतो जवळजवळ तेवढंच नव्या तलवारीने मारतो. ज्यांना आकड्यांची ही ओढाताण नकोच आहे त्यांनी तिथे जाऊन बघावं. मला मात्र ही ओढाताण आवडते, म्हणून मी इथेच आहे.

१८. शीटवर ती कशी लिहू? ‘लाँगसोर्ड +१’ एवढंच लिहिलं की सगळं विसरायला होतं.

चार ओळी लिहा आणि आकडा शेवटी. आमच्या टेबलावरच्या एका शीटवरून, खेळाडूला विचारून, उतरवते:

‘आईची धोप. मूठ आईची, पातं कप्तानाचं, जुन्या पात्याची कट्यार दाजीबाकडे.
मुठीच्या आत खूण: दोन मासे.
आईने शब्द दिलेला: नावाड्यांना. अजून पाळायचा आहे.
अटॅक आणि डॅमेज अधिक २.’